दाराची नोंद

अण्णांच्या रिकाम्या खोलीत कपाटावरचा हिरवा दिवा अजून लुकलुकतो आहे. तळहाताएवढा तो संगणक मीच बसवला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच. ते अंथरुणाला खिळल्यावर खोलीचं तापमान आणि दाराची उघडझाप तो टिपून ठेवी, आणि मी ते फोनवर बघत असे. ऑफिसातून, पुष्कळदा शेजारच्या खोलीतूनही.

त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली अगदी हलकी करून घातली होती. पडदा नको, आवाज नको. जे लागत नाही ते एकेक काढून टाकलं. उरलेलं सगळं साठ एमबीत चाललं, याचा मला केवढा अभिमान! हलकं करण्याचा हा नाद यंत्रावरून माणसांवर कधी उतरतो, ते कळत नाही.

"अण्णा, सत्तावीस पूर्णांक चार आहे. पंखा एकवर पुरे," मी एकदा भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं.

"अरे शहाण्या, आकडे कसले सांगतोस? आत येऊन बस की जरा."

"आलोच," मी म्हणालो, आणि गेलो नाही.

आज तो संगणक बंद करायला बसलो आणि सवयीने नोंदी चाळल्या. अण्णांच्या शेवटच्या महिन्यात, सांभाळणाऱ्या बाईंच्या ठरलेल्या वेळा वगळल्या तर, दार अकरा वेळा उघडलं. त्यांतल्या सात वेळा मी याचीच सैल झालेली वायर बसवायला आत गेलो होतो.

उरल्या चार. मी दोनदा तपासलं. यंत्राची चूक नाही.