कंबोडियात आम्ही डावीकडे वळलो

आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळाला एक खोड आहे. ट्रिप असते पाच-सहा दिवसांची, पण तिचे किस्से पुढच्या ट्रिपपर्यंत पुरवतात. एक कोजागिरीला, एक हळदीकुंकवाला, कुणाची वास्तुशांत निघाली तर तिथे आणखी एक. प्रत्येक वेळी तिखटमीठ वाढत जातं. मागच्या महिन्यात एका बाईंनी मला माझाच किस्सा ऐकवला, आणि त्यात मी तळ्यात पडले होते! तेव्हा म्हटलं, बाकीच्यांनी पार वाट लावायच्या आत कंबोडियाचं जे खरं झालं ते मीच सांगून टाकते.

मी शुभा. शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, पण अजूनही चाळीस मिनिटांनी घंटा वाजली नाही की मला बेचैन होतं. एका जागी बसवत नाही. नवरा विलास अगदी उलट. त्याला खुर्ची दाखवली की तो प्रश्न सुटला.

ट्रिपला आम्ही नऊ जण होतो. त्यातले तुम्हाला तिघे कळले की पुरे. माझी मैत्रीण माधुरी, तिचा नवरा श्रीकांत, आणि जोशीकाका. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, आणि कुठल्याही विषयावर नियम सांगायला कायम तयार.

*

पहिला किस्सा दिल्ली विमानतळावरचाच.

माधुरीचा मुलगा निखिल सात वर्षं सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी करत होता. घर फरीदाबादला, पण मुक्काम दिल्लीत, क्लासेसजवळ राजेंद्रनगरच्या खोलीवर. हा त्याचा शेवटचा अटेम्प्ट. इंटरव्ह्यू झाला होता, फायनल लिस्ट त्याच आठवड्यात कधीही लागणार होती. माधुरी ट्रिप कॅन्सल करायला निघाली होती, पण निखिलनंच बजावलं, "आई, तू इथे असलीस तर मला तासातासाला फोन करशील. जा बिल्कुल."

सिक्युरिटीच्या रांगेत माधुरीनं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "हा तू ठेव. मी दर पाच मिनिटांनी साइट उघडते यार, माझं डोकं फिरेल. लिस्ट लागली की सांग. त्याआधी मी कितीही मागितला तरी देऊ नकोस."

मी म्हटलं, "बिनधास्त राहा."

विमानात बसायच्या आत तिनं तो चार वेळा मागितला. चौथ्यांदा तर म्हणाली, "फक्त किती वाजले ते बघते." तिच्या मनगटावर घड्याळ होतं!

*

पहिल्याच दिवशी अंगकोर वाट. आमच्या गाइडचं नाव सोफाल. तिशीतला, कायम हसतमुख, आणि टीव्हीवरच्या मालिका बघून हिंदी शिकलेला. त्यामुळे तो आम्हाला अधूनमधून "हे भगवान, ये कैसे हुआ!" असं ऐकवायचा.

मंदिराच्या चारही बाजूंनी लांबच लांब ओवऱ्या आहेत, आणि भिंतभर कोरलेली महाभारत-रामायणातली युद्धं. सोफाल दारात उभा राहून म्हणाला, "सब लोग मेरे साथ, राइट साइड." आणि तो उजवीकडे चालू लागला.

आम्ही नऊच्या नऊ जण डावीकडे वळलो. कुणी कुणाला काही बोललं नाही. देऊळ उजव्या हाताला ठेवून फिरायचं, एवढं पायांनाच माहीत असतं.

तिकडे सोफालनं अख्खं कुरुक्षेत्र समजावून सांगितलं, भीष्मांच्या बाणांपर्यंत आला, मागे वळून बघतो तर खांब! बिचारा धावत निघाला. मागच्या बाजूला समुद्रमंथनापाशी आमची समोरासमोर गाठ पडली.

"आप लोग उल्टा आए!" सोफाल धापा टाकत म्हणाला.

"उल्टा तू आला आहेस," जोशीकाका शांतपणे मराठीत म्हणाले, मग हिंदीत. "मंदिर को बाएँ हाथ पर रखकर कोई घूमता है क्या? वो तो मरने के बाद का तरीका है."

"हाँ काकाजी!" सोफाल खूश झाला. "बहुत लोग यही बोलते हैं. ये मंदिर राजा के मरने के बाद के लिए बना होगा. इसीलिए सारी कहानी उस तरफ़ से चलती है."

"तो राजा उस तरफ़ से जाए," काका म्हणाले. "हम अभी ज़िंदा हैं!"

राहिलेलं कुरुक्षेत्र बघायला सोफालनं त्याच्या क्रमाचा रस्ता सुचवला. आलो तसेच मागे फिरायचं. माधुरी जवळजवळ किंचाळली, "नको नको! निखिलसाठी फेरी घालतेय मी. उलटी फिरले तर मागितलेलं सगळं परत जाईल."

मग आम्ही सरळ पुढेच गेलो आणि फेरी पूर्ण केली. आम्ही शहाळी पीत बसलो तेव्हा माधुरीनं त्या उन्हात आणखी दोन घातल्या. एकूण तीन. श्रीकांत पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागे चालत होता आणि तिला प्यायला सांगायची त्याची हिंमत होत नव्हती.

*

यानंतर सोफालचं टाइमटेबल कोलमडलं ते कोलमडलंच. प्रत्येक देवळात माधुरीचा एकच प्रश्न, "यहाँ भगवान अभी हैं क्या?"

सोफाल प्रामाणिक माणूस. कुठे म्हणायचा, "मूर्ति म्यूज़ियम में है." कुठे म्हणायचा, "अब बुद्ध हैं." एका ठिकाणी नुसताच रिकामा चौथरा होता. तिथे माधुरीनं जरा विचार केला आणि तरीही हात जोडले. म्हणाली, "गेले असतील कुठेतरी. येतील तेव्हा निरोप मिळेल."

बायोन नावाच्या देवळात शिखराशिखरावर चारी दिशांना तोंडं कोरलेली आहेत. भलीमोठी, डोळे मिटलेली, ओठांत हसणारी. माधुरी गोंधळली. नेमकं सांगायचं कुणाला?

विलास सावलीत बसकण मारून म्हणाला, "एवढी तोंडं आहेत, म्हणजे कान दुप्पट. कुठूनही बोल."

माधुरी बराच वेळ त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "शुभा, हे असे का हसतायत? यांना लिस्ट आधीच माहीत आहे का?"

मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून मला त्या चेहऱ्यांकडे नीट बघवेना.

*

ता प्रोमला देवळावर झाडं चढून बसली आहेत. अजगरासारखी मुळं भिंतींवरून उतरली आहेत. तिथे गेल्यावर आमचं मंडळसुद्धा गप्प झालं, म्हणजे बघा!

त्या शांततेत माझ्या पर्समधला माधुरीचा फोन थरथरला.

श्रीकांत मटकन जवळच्या मुळावर बसला. लगेच पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली, कारण मुळांवर बसायला मनाई आहे. श्रीकांत उठला, पुन्हा बसला, पुन्हा शिट्टी! इकडे माझ्या पर्सची चेन उघडेना.

स्क्रीनवर होतं, आमच्या फरीदाबादच्या सोसायटीच्या गेटचं ॲप. सुनीता गेटवर उभी आहे, आत सोडायचं का?

"लिस्ट?" माधुरीनं डोळे मिटूनच विचारलं.

"नाही गं. सुनीता आलीये, तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला."

"मग सोड ना तिला आत! उन्हात उभी असेल बिचारी."

मी आठशे वर्षं जुन्या भिंतीला टेकून सुनीताला आत सोडलं. पुढच्या दहा मिनिटांत गॅसवाला आणि धोबीही आले. तिसऱ्या वेळी श्रीकांतला बसायला पहारेकऱ्यानंच स्वतःचं स्टूल आणून दिलं.

*

कुलेनच्या डोंगरावर एक नदी आहे. तिच्या तळाच्या खडकात हजार शिवलिंगं कोरली आहेत, म्हणजे वरून वाहणारं सगळं पाणी आपोआप तीर्थ होतं. काकांना हे कळल्यावर सोफालचं पुढचं बोलणं ऐकायला कुणाला वेळ! चपला काढल्या, पँट दुमडली आणि काठावरच्या साध्या दगडावरून एक पाय पुढे टाकणार, तेवढ्यात खाली बघितलं.

जिकडे पाऊल ठेवावं तिकडे शंकर!

काकांचा एक पाय दगडावर, दुसरा हवेत. मागे फिरावं तर तोल जातो.

"सोफाल!" काका ओरडले. "इसमें ख़ाली जगह कहाँ है?"

"काकाजी, ख़ाली जगह छोड़ी ही नहीं है. यही तो स्पेशल है!"

"अरे स्पेशल राहू दे, मला उचल!"

शेवटी सोफालनं त्यांना पाठुंगळी घेऊन काठावर आणलं. काका त्याच्या पाठीवरून दोन्ही हात जोडून सगळ्या लिंगांची माफी मागत होते. खाली उतरल्यावर मात्र म्हणाले, "मी मुद्दामच थांबलो होतो. दर्शन नीट घेत होतो."

माधुरी त्या दिवशी पहिल्यांदा खुशीत होती. म्हणाली, "एकदम हजार जणांच्या कानावर घातलं. आता काय बिशाद आहे!"

*

पाचव्या दिवशी तोन्ले साप. तळं कसलं, समुद्रच तो. त्यावर तरंगती घरं. पाणी हटलं की लोक अख्खं घर ओढून पुढे नेतात, असं सोफालनं सांगितलं.

"आमच्या निखिलसारखं," माधुरी म्हणाली. "सात वर्षांत पाच खोल्या. एकीला खिडकीच नव्हती. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, आई, बाहेरच बसू या." मग म्हणाली, "चौथ्या वेळी नाही झालं तेव्हा मला म्हणाला होता, सोडू का? मीच म्हटलं, नवस बोललेय, एवढ्यात सोडू नकोस."

आणि फोन थरथरला. या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं, बोटीचं इंजिन चालू होतं. मी पाठ वळवून बघितलं. निखिलचा मेसेज होता.

"आई, लिस्टमध्ये नाव नाही. मी ठीक आहे. तू आता कुठेही नवस बोलू नकोस, प्लीज. मला आता नोकरी शोधू दे."

मी ठरवलं, हॉटेलवर पोचल्यावर सांगायचं. निदान हे तळं तरी तिला बघू दे. मी बोटीच्या पुढच्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. विलास म्हणाला, "शुभा, बस ना." मी बसले, उठले. मला काही लपवता येत नाही. वर्गात पेपर तपासून आणले की मुलं माझ्या चेहऱ्यावरून मार्क ओळखायची.

माधुरीनं नुसता हात पुढे केला. मी फोन दिला.

तिनं मेसेज वाचला. मग निखिलला फोन लावला आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून विचारलं, "जेवलास का?" तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "बरं. दही खा." फोन बंद करून परत माझ्याकडे दिला. श्रीकांत रेलिंगला धरून पाण्याकडे बघत राहिला. मला रडू फुटलं आणि माधुरीच माझी पाठ थोपटत बसली.

*

शेवटच्या सकाळी सूर्योदय बघायला पुन्हा अंगकोर वाट. सूर्य आला, फोटो झाले, सोफालनं तासभर मोकळा दिला.

माधुरी उठली. चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि मंदिराच्या दाराशी गेली. तिथे क्षणभर थांबली आणि उजवीकडे वळली.

जोशीकाकांनी बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच कुठलाही नियम न सांगता मिटलं. श्रीकांत बाटली घेऊन उठला, तिच्या मागे गेला.

आणि सोफाल! त्याचा तर आनंद गगनात मावेना. पळत पळत तिला गाठलं आणि कुरुक्षेत्रापासून सगळं सांगायला लागला. भीष्म, अर्जुन, राजाची मिरवणूक, स्वर्ग, नरक, समुद्रमंथन. माधुरी मान हलवत चालत राहिली. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला सोफालजवळ सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिसरीला तो गप्प, नुसता तिच्या बरोबरीनं चालत होता.

तिघे परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. सोफालनं आम्हा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "इतने साल में पहली बार! इंडिया की पहली मॅडम, जो सही तरफ़ से गईं! और एक बार नहीं, तीन बार!"

माधुरीनं पदरानं तोंड पुसलं. श्रीकांतच्या हातातून बाटली घेऊन घटाघटा पाणी प्यायली.

"भैया, ठीक से गिना ना?" तिनं विचारलं. "तीनों पूरे हुए? कुछ रह तो नहीं गया?"

"कुछ नहीं रहा मॅडम जी," सोफाल छाती फुगवून म्हणाला. "सब पूरा हो गया."

"अच्छा," माधुरी म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसून चपला घालायला लागली.