आईचा उजवा तळहात

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट असेल. मिरजेला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होते आणि हाताच्या स्नायूंनी मला अगदी जेरीस आणलं होतं. नुसत्या कोपरापासून मनगटापर्यंत वीस, आणि एकेकाचं नाव हातभर लांब! दिवाळीनंतर तोंडी परीक्षा. सुट्टीत आष्ट्याजवळच्या आमच्या गावी गेले आणि अभ्यासाला आईलाच धरलं.

घराच्या पुढच्या सोप्यात बसवून तिच्या हातावर शाईने रेघा ओढल्या. "मूठ आवळ," म्हटलं की ती आवळायची. बोटं हलवताना कोपराखालचं मांस हलायचं, ते बघून तिलाच हसू यायचं. मग म्हटलं, "आता अंगठा करंगळीला टेकव." तसं केलं की बहुतेकांच्या मनगटात मधोमध एक दोरी वर येते, ती मला बघायची होती. तिचा अंगठा निम्म्यातच थांबला.

"अगं, नीट टेकव की! एवढं पण जमत नाही?" मी खेकसले. माझं डोकं पहिल्यापासून तापट. तिने गुपचूप डाव्या हाताने उजवा अंगठा ढकलून करंगळीला लावला.

तेव्हा कुठे मी तो तळहात धड पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी भरीव मांस असतं, तिथे खड्डा होता. डाव्या हाताला नव्हता.

"अंगठा मुडपून धार काढायची सवं हाय मला. तीन म्हशी, दोन्ही वखताला. झिजला आसंल," ती म्हणाली. "मुंग्या येत्यात, झाडला की बरं वाटतं."

मी तिला मिरजेला नेऊन आमच्या कॉलेजातल्या सरांना दाखवलं. मनगटात नस दबून अंगठ्याचा स्नायू वाळला होता. ते म्हणाले, "ऑपरेशनने मुंग्या थांबतील. पण स्नायू गेला तो गेला. वर्षभर आधी आणायला हवं होतं."

ऑपरेशन झाल्यावर मी तिच्यावरच भडकले. "वर्षभर तोंडाला कुलूप का लावलंस?"

"तवा तुझी इंटरची परीक्षा न्हवती व्हय? कळलं आसतं तर पुस्तक टाकून तूच धारा काढाय बसली आसतीस."

मी खाटेच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. तिने पट्टी बांधलेला हात छातीशी धरला आणि चादरीतून पाय बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"गप, बाई. हाताचं झालं न्हवं? आता पायाचं घे. ह्यो धड हाय, काय चुकायचं न्हाई."