पिंप्राळ्याची परीक्षा

देवरे मॅडम पेशंटला त्याचं स्वतःचं पोट दाखवायच्या. जळगावच्या ज्या दवाखान्यात माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर किरणोपचार झाले, तिथे कुठल्या बाजूने किती किरण द्यायचे, याचा आराखडा त्या संगणकावर मांडत. मूळच्या साक्रीकडच्या. डॉक्टरांशी पुस्तकी मराठी, आमच्याशी मात्र अहिराणी मिसळून. पहिल्या भेटीतच खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आबा, हाई देखा, तुम्हनं पोट!"

पडद्यावर माझी दोन पोटं शेजारी शेजारी होती. एकात किरण सात बाजूंनी थांबत थांबत यायचे, दुसऱ्यात यंत्र गोल फिरून झटपट आटोपायचं. त्या म्हणाल्या, "केळीला पाणी मिळालं पाहिजे, पण शेजाऱ्याच्या घरात घुसायला नको. एवढंच बघायचं." केळी म्हणजे माझं प्रोस्टेट, पाणी म्हणजे किरण, शेजारी म्हणजे मूत्राशय आणि गुदाशय. सात बाजूंचा आराखडा किंचित सरस दिसत होता. पण त्यात भरल्या लघवीने बराच वेळ निजून राहावं लागणार होतं.

"धरवेल ना आबा? खरं सांगा. संगणकमधला मानूस हालत नही, खरा हालस."

शाळेत पोरांना कबड्डी शिकवण्यात माझं आयुष्य गेलेलं. लेकीच्या वयाच्या बाईपुढे माघार कशी घेणार? म्हणालो, "मॅडम, हा दमाचा गडी आहे. तासभर धरीन!"

सात बाजूंचा आराखडा ठरला. उपचाराच्या पहिल्याच दिवशी निम्म्यात मी हात हलवून यंत्र थांबवायला लावलं आणि पायजम्याची नाडी धरून पळालो. परत आलो, तर डॉक्टर सगळ्यांसमोर मॅडमना बोलत होते, "पेशंटला झेपेल का, हे विचारायचं नाही?"

मॅडमनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "माझा अंदाज चुकला, सर."

मी नाडी बांधत राहिलो.

त्यांनी सगळं पुन्हा मांडून फिरत्या यंत्राचा आराखडा पक्का केला. रोज हसून विचारायच्या, "आबा, आज मैदान कसं शे?" मी बरा झालो. पिंप्राळ्यात परतल्यावर मात्र किस्सा रंगवून सांगू लागलो, की बाईंनी काही न विचारताच मला यंत्राखाली निजवलं.

पुढे शेजारच्या भास्करनानांना तेच दुखणं निघालं. ते अडून बसले, "त्या न विचारणाऱ्या बाईकडे मी जायचा नाही." आता माझ्या फुशारकीपायी त्यांचा उपचार लांबणार होता. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं खरं सांगितलं.

नाना डोळ्यांत पाणी येईतो हसले. "म्हणजे पळपुटे तुम्हीच होय!" दुसऱ्याच दिवशी ते गेले आणि परतले ते थेट माझ्या दारात. "आबा, तिथे तुमच्यापायी आम्हाला परीक्षा! पाणी पाजतात, घड्याळ लावून बाकावर निजवतात, मग आराखडा. पिंप्राळ्याची परीक्षा म्हणतात तिला. मी पास!"

"मॅडमना सांगितलंत, मी कबूल केलं म्हणून?"

"सांगितलं की. पोट धरून हसल्या. म्हणाल्या, 'आबाले सांगा, तुम्हना पेपर अजून बाकी शे. पानी पीसन या.'"

उद्या जातो आहे. डॉक्टरांनाही भेटेन, त्या दिवशी राहिलेलं वाक्य सांगेन: मॅडमनी विचारलं होतं. नाना सोबत येणार म्हणतात, निकाल बघायला.