सलूनमधलं बाय बाय

टाल्कम पावडरचा वास आला की मला अलीगंजमधलं ते सलून आठवतं. मुलगी तेव्हा लहान होती, तोंडानं बोलत नव्हती. तिच्या गळ्यात बटणांचं एक यंत्र असायचं. चित्र दाबलं की माझ्याच आवाजात पाणी, भूक, शू, नमस्ते, थँक्यू, बाय बाय असे शब्द यायचे. एकदा त्या सलूनमध्ये केस कापायचं मशीन मानेला लागलं तशी ती आक्रसली आणि "बाय बाय, बाय बाय" दाबत सुटली. "अरे वाह, बिटिया तो बोलने लगी!" सलूनवाले भैया म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि तिचं डोकं घट्ट धरून ठेवलं. घरी येऊन हे बायकोला कौतुकानं सांगितलं. लेकीच्या मानेवरचे केस झटकता झटकता ती थांबली. "अहो, तिला 'नको' म्हणायचं होतं. त्याचं बटण कुठं दिलंय आपण तिला?" दिलंच नव्हतं; मला सोयीचे होते तेवढेच शब्द मी त्यात भरले होते. आता त्या यंत्राच्या जागी आलेल्या तिच्या टॅबवर 'नको' सगळ्यात वर आहे, आणि तिनं ते दाबलं की मी जागच्या जागी थांबतो. पण त्या दिवशी तिचं डोकं दाबून धरणारा तो हात अजून माझाच आहे.