बर्फासाठी शिवलेला मांडव

ताडपत्री फाटण्याआधी जो आवाज करते, तो फाटण्याच्या आवाजाहून वाईट असतो. चाबूक हवेत उगारावा आणि अंगावर उतरू नये, पुन्हा उगारावा आणि पुन्हा उतरू नये, तसा तो असतो. कान आखडतात, पाठ आपोआप वाकते. आजही एखाद्या बांधकामावरची हिरवी जाळी वाऱ्याने फडफडली, की चालता चालता माझा उजवा तळहात मिटतो.

आमच्या ओळखीची मराठी कुटुंबे कॉन्डोत किंवा सरकारी फ्लॅटमध्ये राहत होती. आम्ही मात्र सिंगापूरच्या पूर्वेला, जुन्या बैठ्या घरांच्या रांगेतले एक घर भाड्याने घेतले होते. हा हट्ट नवऱ्याचा. त्याला पायाखाली जमीन हवी होती, जमिनीला फाटक हवे होते आणि फाटकाच्या आत स्वतःची गाडी हवी होती. या देशात गाडीआधी गाडी बाळगण्याचा परवाना मिळवावा लागतो. तो हातात आल्यापासून नवऱ्याची चालच बदलली होती. तो जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. रोज कंपनीच्या बसने जाई, आणि गाडी आठवडाभर अंगणात चकाकत उभी असे. तिच्यावर साळुंकीची विष्ठा पडली, तर त्या दिवशी घरात मोठ्याने कोणी बोलत नसे. त्याच्या रागाला शब्द कमी लागत. त्याला वस्तू लागत. दार लागे, ताटली लागे, आणि हाताशी काही नसले तर माझा दंड लागे.

अंगणावरचे पत्र्याचे छप्पर गंजून गेले होते. घरमालकाने ते उतरवले आणि नवे घालायचे लांबवत राहिला. तेव्हा नवऱ्याने इंटरनेटवरून एक तंबू मागवला. खोक्यावर चित्र होते: गुडघाभर बर्फ, पांढरे आकाश, आणि त्यात अंडाकृती पांढऱ्या कापडाखाली झोपलेली गाडी. थंड मुलखात हिवाळा लागला की असे तंबू अंगणात ठोकतात, गाडी आत ठेवतात, आणि बर्फ वितळले की घडी घालून माळ्यावर टाकतात. तंबूचे कापड जाड होते, बर्फाचे ओझे पेलण्यासाठी शिवलेले. वरून येणारे वजन सोसायचे एवढेच त्याला माहीत होते. खालून घुसणाऱ्या वाऱ्याचा विचार ते शिवणाऱ्यांनी केला होता की नाही, कोण जाणे.

तंबूसोबत जमिनीत ठोकायच्या लांब खुंट्या आल्या होत्या. आमच्या अंगणात गुळगुळीत फरशी होती आणि तिला भोक पाडायला घरमालकाची सक्त मनाई होती. मग नवऱ्याने वाळूने भरलेले प्लास्टिकचे टब आणले, फाटकाजवळचे दोन खांब त्यांना पट्ट्यांनी करकचून बांधले, आणि घराकडचा एक खांब खिडकीच्या गजांना बांधला. उरलेला चौथा खांब घराच्या दाराशी होता; त्याची खालची नळी त्याने भिंतीतल्या पाइपला बांधली. तिथे सासूबाई आडव्या आल्या.

सासूबाई पुण्याहून काही महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी त्या वस्तूला तंबू म्हटले नाही. पहिल्या दिवसापासून त्या तिला मांडव म्हणत.

"मांडव घालतोस आणि मुहूर्तमेढ नाही? असा उघडाबोडका?" त्या लेकाला म्हणाल्या.

"आई, गाडीसाठी आहे तो. लग्न नाहीये."

"चार खांब आणि वर कापड म्हणजे मांडवच. तू मला शिकवू नकोस."

त्या मला घेऊन लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला गेल्या आणि आंब्याची डहाळी घेऊन आल्या. पिवळ्या फडक्यात हळकुंड, सुपारी आणि अक्षता बांधल्या, आणि ती पुरचुंडी डहाळीसकट दाराच्या खांबाला घट्ट बांधली. ती बरोबर सांध्यावर आली, जिथे खालच्या नळीत वरची नळी बसत होती आणि दोन्हींतून आरपार बोल्ट जायचा होता. नवरा हातात बोल्ट घेऊन उभा होता.

"आई, ते जरा वर सरकव. इथे बोल्ट आहे."

"बांधलेली मेढ सोडतात का? आणि तिच्यातून लोखंड घालणार तू?"

"अगं, खांबच लोखंडाचा आहे."

"खांब असू दे. देवाच्या अंगातून खिळा जाणार नाही."

दिवसभर कारखान्यात लोकांना बोल्ट मोजायला लावणारा तो माणूस. त्याने हातातला बोल्ट खिशात टाकला. आईपुढे तो कायम लहान असे, आणि ते लहानपण पुढे कोणाला तरी भोगावे लागे.

नेमका तेव्हाच शेजारचा चिनी म्हातारा फाटकाशी आला. टोपी काढून, आवाज खाली आणून त्याने सासूबाईंना विचारले, "आँटी, सो सॉरी आ. हू पास अवे?"

"काय म्हणतोय हा?"

"विचारतोय, घरात कोण गेलं." इथे गल्लीत किंवा इमारतीच्या तळाशी पांढरा मांडव पडला, की आत उदबत्त्या, कागदी फुले आणि शवपेटी असते. त्याची चूक नव्हती.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हणावं, गाडीचं लग्न आहे. अक्षता टाकायला ये."

मी त्याला खरे ते सांगितले. त्याने वाकून आत पाहिले. "वा, कार सो लकी ला," म्हणत तो गेला. मलाही हसू आले. मागून नवऱ्याने हातातली रबरी हातोडी फरशीवर भिरकावली. ती उसळून माझ्या नडगीवर बसली. त्याने पाहिले नाही. हातोडी उचलून त्याच्या हातात पुन्हा मीच दिली.

मग उन्हात ते कापड तापू लागले. दुपारी अंगणात जळक्या प्लास्टिकचा, कोमट रबराचा, घुसमटलेल्या श्वासाचा वास भरून राही. आंब्याची पाने सुकून काळी पडली. आत गाडी अंधारात बसून असे, आणि मला उगाच वाटे की ती ऐकते आहे.

सुमात्रा बेटाकडून सामुद्रधुनी ओलांडून सकाळच्या वेळी वादळे येतात. इथले लोक त्यांना सुमात्राच म्हणतात. जूनच्या सुट्टीतला शनिवार होता. पश्चिमेकडचे आकाश ठेचाळलेल्या बोटासारखे काळेनिळे झाले. आधी वारा पडला. पक्षी गप्प झाले. आणि मग रस्त्याच्या टोकाची झाडे एका बाजूला अशी वाकली, जणू कोणी त्यांना मानेला धरून खाली दाबले.

वारा फाटकातून आत शिरला आणि तंबूच्या पोटात भरला. कापड फुगले, चाबकाचा तो आवाज सुरू झाला, आणि वाळूचे टब फरशीवर करकरत सरकू लागले. नवरा उघड्या पायांनी धावला. "धर," तो माझ्यावर ओरडला. "तो खांब धर." फाटकाजवळच्या एका खांबाला तो लटकला, दुसऱ्याला मी. पाऊस सुयांसारखा आडवा येत होता. नळी हातातून निसटत होती, म्हणून मी टबाचा पट्टा उजव्या हाताला गुंडाळला. तो तळव्यात रुतला.

एवढ्यात दारातून आमची मुलगी बाहेर आली. प्रायमरी थ्रीतली, म्हणजे तिसरीतली, रात्रीच्या कपड्यांतच. "पप्पा, ते उडतंय ला," शाळेत शिकलेला इथला 'ला' लावून ती ओरडली.

"तिकडचा धर," तो तिला म्हणाला.

तिकडचा म्हणजे दाराचा. पिवळ्या पुरचुंडीचा, बिनबोल्टचा.

मी नको म्हणून ओरडले. वाऱ्याने ते माझ्या तोंडातच परत कोंबले. मुलीने पुरचुंडीच्या वर दोन्ही हातांनी खांब पकडला. पुढचा झोत आला, फडके टर्रकन फाटले, हळकुंड आणि अक्षता फरशीवर उडाल्या, आणि वरची नळी खालच्या नळीतून म्यानातून तलवार निघावी तशी बाहेर आली. तिला धरून माझी मुलगी वर उचलली गेली. तिचे पाय फरशीपासून सुटलेले मी पाहिले. ते पांढरे, बारीक पाय हवेत जमीन शोधत होते.

तेव्हा मला एकच गोष्ट कळत होती. मी माझा खांब सोडला, तर तंबू या बाजूनेही उठेल आणि तिला घेऊन उलटेल. मी धरून राहिले, तर निदान ती तेवढ्याच उंचीवर राहील. तिच्याकडे धावणे आणि तिला वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या.

"हात काढ, बाळा, खाली उडी मार," मी ओरडत होते.

"पप्पा म्हणाले धर," ती रडत म्हणाली.

नवऱ्याचा टब फुटला. वाळू त्याच्या डोळ्यांत गेली, त्याचा खांब त्याच्या हातातून उपटला गेला आणि गाडीच्या काचेवर आदळला. काचेवर जाळे उमटले. त्या आवाजाने तो वेडा झाला. तो माझ्याकडे झेपावला, माझ्या हातांवर त्याने आपले हात दाबले आणि माझी बोटे नळीवर चेपून धरली. "धर. गाडी जाईल. सोडलंस तर बघ." पट्ट्याखालून रक्त आले, पावसाने ते लगेच फिके केले. त्याचा श्वास माझ्या कानात होता. तो मुलीकडे पाहत नव्हता.

मग सासूबाई दारातून बाहेर आल्या. भिजलेला गाऊन पायांत अडकत होता. त्यांनी नातीला कमरेला मिठी घातली आणि तिची बोटे एकेक करून उकलू लागल्या. वरची नळी झोक्यासरशी फिरली आणि त्यांच्या कानशिलावर बसली. त्या गुडघ्यावर आल्या, पण हात काढला नाही. शेवटचे बोट सुटले. दोघी उंबऱ्यात कोसळल्या. त्यांनी पायाने दार ढकलले, मुलीला आत लोटले, आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कानावरून उतरलेले रक्त गाऊनच्या गळ्यावर पसरत होते.

"आई, ये ना इकडे, धर," नवरा ओरडला. "आई, गाडी."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्या बाजूने त्याच्याविरुद्ध एक शब्द कधी उच्चारला नव्हता. माझा निळा पडलेला दंड पाहून त्या कणीक मळत राहत. आता त्या माझ्याकडे पाहत होत्या, माझ्या हातांवरच्या त्याच्या हातांकडे पाहत होत्या. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही. वाऱ्यातूनही तो मला स्वच्छ ऐकू आला.

"सोड."