भुशातून आलेली गाडी

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सातला मी नागपूर सोडलं. गाडी दोन माणसांची, बिनछपराची, बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. माझा मित्र वसंता याने ती स्वतः बांधली होती. तो मागच्या वर्षी गेला आणि वहिनींनी किल्ली माझ्याकडे दिली. अशीच एक हाताने बांधलेली गाडी गोंदिया जिल्ह्यात दवनीवाड्याला सुखदेव मेश्राम यांच्याकडे आहे. पस्तीस वर्षांपूर्वी मी एका मोटारविषयक मासिकात लिहीत असे, तेव्हा या दोन गाड्यांची तुलना मी छापली होती. ती तुलना चुकीची होती आणि ती चुकीची आहे हे मला छापण्याआधीच माहीत होतं. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. मेश्रामांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की गाडी पाहायला येतोय.

वसंताच्या गाडीत हजार सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद बरी, पण लोखंडी ठोकळा जड, आणि तो पेलायला सांगाडाही जड. गाडी सहाशे किलोच्या आसपास जाते. मेश्रामांनी आठशे सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं, पातळ नळ्यांचा सांगाडा जोडला, वर फायबरचं अंग चढवलं. त्यांची गाडी सव्वाचारशे किलोंची. अशा छोट्या गाड्यांत इंजिन किती मोठं हे नंतर पाहायचं. एका अश्वशक्तीला किती किलो ओढावे लागतात हे आधी. त्या हिशेबाने मेश्रामांची गाडी पुढे असायला हवी होती. माझ्या लेखात ती बरीच मागे पडली होती.

भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठाशी आलो तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं. तिथून तुमसरचा रस्ता धरला. तुमसरच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि सायलेन्सर खाली लोंबकळू लागला. चहाच्या टपरीवरून तार मागून घेतली आणि रस्त्यावर आडवा होऊन तो बांधला. टपरीवाला हातात गाळणी घेऊन पाहत होता.

“काका, ये बडी होगी तब कितनी होगी?”

“जितनी होनी थी, हो गयी,” मी म्हणालो.

त्याने चहाचे पैसे घेतले, तारेचे घेतले नाहीत.

तिरोड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं). धान निघून गेलं होतं आणि खालच्या ओलीवर लाखोरी (एक कडधान्य) हिरवी पसरली होती. साडेअकराच्या सुमारास दवनीवाड्याला पोचलो. मेश्रामांचं घर विचारावं लागलं नाही. गाडीचा आवाज ऐकून तेच रस्त्यावर येऊन उभे होते. अडुसष्टीचे, काटक, नखांत वंगण.

“जय भीम. वसंतभाऊची गाडी हाय ना जी? आवाजच सांगते. तीन नंबरचा व्हॉल्व्ह ढिला हाय.”

खरंच ढिला होता.

त्यांची गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. ती बांधली तेव्हा अशा आणखी दोन गाड्या करून घ्यायला नागपूरची माणसं तयार होती. माझा लेख आल्यावर ती फिरकली नाहीत. मेश्राम पुढे ट्रॅक्टर आणि भातगिरण्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिले. हे सारं मला नंतर कळत गेलं होतं. कळल्यावरही मी काही केलं नव्हतं.

मी ठरवलं होतं की आधी गाड्या पाहायच्या, जेवायचं, आणि मग सांगायचं. पण त्यांच्या पत्नी, शांताबाई, पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाल्या, “काऊन जी, पस्तीस वर्सानं आमच्या गाडीची याद आली?”

तेव्हा मी सांगून टाकलं.

त्या वेळी चाचणीसाठी मेश्रामांनी गाडी नागपूरला आणली ती ट्रकमधून. तिरोड्याच्या एका गिरणीचा भुसा (धानाची तुसं) नागपूरच्या बॉयलरला जात असे. त्यांनी ट्रकच्या तळाशी गाडी उभी केली आणि दारापर्यंत भुशात बुडवली. फायबरला ओरखडा उठू नये म्हणून. या भागात काचेची तावदानंसुद्धा अशीच पाठवत. गाडी बिनओरखड्याची पोचली. मेश्राम म्हणाले, थोडा वेळ द्या, हवेचा फिल्टर उघडून झटकतो. मी म्हणालो, उजेड जाईल, काही गरज नाही. मी घड्याळ लावलं. ऐंशीचा वेग गाठायला त्यांच्या गाडीने पंधरा सेकंद घेतले, वसंताच्या गाडीने अकरा. संध्याकाळी मेश्राम जेवायला गेले असताना मी त्यांचा फिल्टर उघडला. आत मूठभर भुसा होता. इंजिनला श्वासच मिळाला नव्हता. मी फिल्टर साफ केला, परत बसवला, आणि कुणाला बोललो नाही. चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. पण वसंताचं इंजिन मीच जुळवून दिलं होतं, आणि ते हरलेलं मला बघायचं नव्हतं.

मेश्रामांनी समोरचा तांब्या बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, “मूठभर होता?”

“हो.”

“म्या घरी येऊन फिल्टर उघडला, तं साफ होता.”

“मी साफ केला होता.”

“मंग हेड बराबर होतं माझं.”

“बरोबर होतं.”

“त्याले म्या दोन डाव घासलं.”

फिल्टर साफ दिसला म्हणून त्यांनी दोष इंजिनात शोधला होता. हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून दाब वाढवला, इंजिन ठोके मारू लागलं, मग पुन्हा उघडलं. शेवटी हेड फेकून भंगारातून तसंच दुसरं आणून बसवलं.

“तीन वर्सं,” शांताबाई म्हणाल्या. “धान बांधीत उभं अन् हे गाडीखाली पडून. मी म्हणो, त्या गाडीसंगंच लगन लावाचं होतं. आता समजलं, सवत तुमी धाडली होती.”

मी माफी मागितली. मेश्रामांनी हात हलवला.

“माफी कायले पायजे? मले आकडा पायजे. जेवा अन् चला.”

जेवायला भात, लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आणि तळलेली मासोळी होती. शांताबाईंनी मला भात दोनदा वाढला आणि एकदाही तोंडाकडे पाहिलं नाही.

दोन्ही गाड्या घेऊन आम्ही तिरोड्यावरून चोरखमाऱ्याच्या तलावाकडे गेलो. तिथे रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे, दुपारी सहसा कुणी नसतं. एका बाजूला साग, पलीकडे पाणी. मी खिशातून घड्याळ काढलं तेव्हा मेश्रामांनी हात पुढे केला.

“घड्याळ आज मी धरतो. तुमी चालवा.”

मी दिलं. दोन्ही गाड्या मीच चालवल्या, ते शेजारी बसले. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून प्रत्येक गाडी जाताना एकदा आणि येताना एकदा. निघण्याआधी त्यांनी दोन्ही फिल्टर उघडून मला दाखवले.

वसंताची गाडी सावकाश जोर धरते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतं आणि वजन जाणवतं. मेश्रामांची गाडी क्लच सोडताच पुढे झेपावते. तीन सिलिंडरची थरथर पाठीत जाणवते, वळणावर पुढची चाकं सांगाल तिथे जातात. ऐंशीच्या पुढे मात्र ती दमते. तिथे हजार सीसीचं इंजिन सरस आहे, आणि तेही लिहिलं पाहिजे.

त्यांनी दोन-दोन वेळांची सरासरी सांगितली आणि तलावाच्या पाळीवर बसून मी वहीत लिहिलं : हजार सीसी, बारा सेकंद. आठशे सीसी, दहा सेकंद.

मेश्रामांनी वही घेतली, चष्मा वर करून वाचली.

“दहा नाही जी. दहा पूर्णांक दोन. अन् वसंतभाऊची अकरा पूर्णांक आठ.”

“एवढ्याशाने काय फरक पडतो? तुम्हीच पुढे आहात.”

“मले माहीत हाय मी पुढं हावो. पण घड्याळात दहा नव्हते.” त्यांनी वही परत दिली. “अन् भुशात म्याच भरली होती, तेबी लिवा. तुमचं लिवलं तं माझंबी लिवा.”

मी दोन्ही आकडे खोडून नीट लिहिले. ते आपल्या गाडीत बसले, निरोपाला हात वर केला आणि दवनीवाड्याकडे निघाले. मी तिरोड्यावरून नागपूरचा रस्ता धरला.

ते मासिक केव्हाच बंद पडलं. दुरुस्ती छापायला ती जागा उरलेली नाही, म्हणून हे प्रवासवर्णन. वाटेत मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं फारसं वाटलं नाही. त्या माणसाची तीन वर्षं आणि बांधायच्या राहिलेल्या दोन गाड्या परत येणार नाहीत. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की आपण खोटं लिहिलं नाही, घड्याळात जे दिसलं तेच लिहिलं. चोरखमाऱ्याला, खरं सांगायला गेलेला असताना, मी तेवढंही केलं नाही. या खेपेला त्यांच्या बाजूने का होईना, आकडा मी पुन्हा सोयीचा केला होता, आणि ज्याचा फायदा होता त्यानेच तो सुधारला.

म्हणून नोंद अशी : शून्य ते ऐंशी, सुखदेव मेश्राम, दवनीवाडा, आठशे सीसी, दहा पूर्णांक दोन सेकंद. वेळ त्यांनी घेतली आहे.