ह्यांची ऐकायची नोकरी

जवळ ये गं जरा. कागदावर का होईना, पण ये. तुझी एक खोड मला मुळीच आवडत नाही. फोनवर विचारतेस, "आई, जेवलीस का?" आणि मी घास गिळून हो म्हणेपर्यंत तुझं "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" सुरू. मग फोन बंद. अगं, उत्तर यायला वेळ लागतो माणसाला. तुझ्या बाबांना तर माझ्याहून जास्त लागायचा, आणि तो काही म्हातारपणामुळे नव्हे.

त्यांची नोकरीच ऐकायची होती. सरकारी वायरलेस खात्यात हेडफोन लावून बसायचं. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर कोणी भलताच शिरला नाही ना, विमानवाल्यांच्या बोलण्यात कुणाची खरखर येत नाही ना, एवढं बघायचं. बोलायचं काहीच नाही. लग्नानंतर मी विचारलं होतं, "हवेत कसली आलीय हद्द?" तर म्हणाले, "सिंहस्थात प्रत्येक आखाड्याला घाट आणि वेळ ठरवून देतात ना? सगळे एकदम उतरले तर कुणाचं स्नान होईल? तसंच हे." एवढं बोलले तेच खूप.

नोकरीने सवय अशी लावली, की समोरच्याचं बोलणं संपलं तरी हे थांबायचे. मागून आणखी काही येतंय का ते ऐकायचे, मग तोंड उघडायचे. फ्रीगंजच्या बाजारात भाजीवाली भाव सांगायची, हे गप्प. ती बिचारी आपणहून भाव उतरवायची! मी पदरात तोंड घालून हसायचे.

रिटायर होऊन माधव नगरच्या ह्या घरात आलो तेव्हा फोन छान लागायचा. मग मागच्या लॉजवाल्याने गच्चीवर बूस्टर बसवला, मोबाइलचा सिग्नल वाढवायचं यंत्र, तेही परवाना न घेता. त्याच्या यात्रेकरूंना आवाज खणखणीत, आणि आसपासच्या घरांत नुसती घरघर. हे सांगायला गेले, तर तो हसून म्हणाला, "अंकलजी, खुद तो रिटायर हो गए, अब हमारे सिग्नल को भी रिटायर करोगे?" हे जरा थांबले, मग म्हणाले, "हां." आणि घरी येऊन खात्याकडे तक्रार केली.

तिकडून कोणी येईपर्यंत ह्यांचं दुखणं वाढलं. तुझा फोन तुटतो म्हणून तू तसलाच बूस्टर पुण्याहून पाठवलास. ह्यांनी खोका उघडू दिला नाही. "आयुष्यभर लोकांना काढायला लावला, तो आता स्वतःच्या गच्चीवर लावू?"

मी चिडले. "अहो, पोरीचा आवाज ऐकायचाय ना तुम्हाला?"

"ऐकायचाय," म्हणाले. "पण शेजारच्या वहिनींनाही त्यांच्या मुलाचा ऐकायचा असतो."

ह्यांना तुझा शेवटचा फोन आला तो दुपारी. ह्यांची खाट खिडकीशी ओढली होती, घरात तिथेच काय तो थोडा सिग्नल. स्पीकर लावून फोन मी त्यांच्या कानाशी धरला. तू म्हणालीस, "बाबा, सुट्टी मिळत नाहीये. पुढच्या आठवड्यात येते. रागावलात का?"

हे थांबले. नेहमीसारखेच. मी काही बोलू नये म्हणून बोट वर केलं, तुझं आणखी काही यायचं असेल म्हणून. तू "हॅलो, बाबा?" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मग ते त्या बंद फोनला म्हणाले, "नाही गं. रागावेन कशाला? काम उरकून ये सावकाश."

मी परत लावला, लागेना. गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीवर हात ठेवून उभी राहिले, तरी लागेना. हे खालून विचारताहेत, "लागला का?" संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन लागला, पण तेव्हा तुला सांगायची गोष्ट दुसरीच झाली होती.

तेराव्याला तू म्हणालीस, बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. मी सांगू लागले, तर म्हणालीस, "आई, उगाच समजूत घालू नकोस." तेव्हापासून तू ह्या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस. का, ते मला कळत नाही असं वाटतं तुला?

नंतर खात्याची माणसं आली. ॲन्टेना घेऊन गल्लीतून फिरली, लॉजवाल्याचा बूस्टर उतरवून घेऊन गेली. आता घरात सिग्नल भरपूर. स्वयंपाकघरात, देवाजवळ, कुठेही. तुझा खोका कपाटावर आहे तसाच, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. पुसताना दर वेळी मला ह्यांचा राग येतो. आणि मग मीच रडत बसते.

समजूत घालत नाहीये मी. माझ्या कानांनी ऐकलंय. पण हे फोनवर सांगायचं नाही मला, तू मध्येच हॅलो हॅलो करशील. खिडकीशी खाट अजून तशीच आहे. तिथे माझ्या शेजारी बस, मी सगळं परत सांगेन, आणि माझं बोलून झालं तरी लगेच उठू नकोस. ह्या सुट्टीत ये. लवकर ये गं.